सहा महिने त्याची जागा राखून ठेवा

सुताचा भाव आज काय आहे, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. पण आपल्या मोहल्ल्यातल्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणारा माणूस कोण आहे आणि तो किती वाजेपर्यंत बसतो, असे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. व्यापाऱ्याला याच्याशी काय देणेघेणे, असे वाटणे साहजिक आहे. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत गेल्या काही वर्षांत क्षयरोगाच्या, म्हणजे टी.बी.च्या, उपचारात मोठे फेरबदल झाले आहेत. औषध बदलले, मुदत बदलली, रुग्णाला मिळणारी रक्कम बदलली. औषध देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीतही उलथापालथ झाली. या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि निघून जातात. मागावर बसणाऱ्या माणसापर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि त्याच्या मालकापर्यंत तर मुळीच नाहीत. म्हणून हा लेख व्यापाराच्या पानावर लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. कपड्याच्या व्यापारात माझी हयात गेली. मालेगावचे कोरे कापड घ्यायचे, रंगवून-छापून पुढे द्यायचे, हा धंदा. साधारण १२ वर्षांपूर्वी माझ्या गोदामात तागे मोजणारा आणि घडी करणारा एक माणूस होता. हात इतका साफ की त्याने बांधलेली गाठ पुन्हा तपासावी लागत नसे. त्याला खोकला सुरू झाला. मोहल्ल्यातल्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेला. त्यांनी टी.बी. सांगितला, औषधे लिहून दिली. औषधे विकतची होती. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आले, भूक लागू लागली. त्याने औषध बंद केले. बरा झालो, आता खर्च कशाला, असा त्याचा साधा हिशोब होता. मीही तोच हिशोब मान्य केला. उलट, तो पुन्हा पूर्ण दिवस काम करू लागला म्हणून मला बरेच वाटले.

वर्षभरात खोकला परतला. या वेळी नेहमीच्या औषधांना तो आजार जुमानत नव्हता. सरकारी केंद्रात नाव लागले. त्या काळी अशा बिघडलेल्या टी.बी.चा उपचार दोन वर्षांच्या आसपास चाले, आणि त्यातले पहिले कित्येक महिने रोज इंजेक्शन घ्यावे लागे. त्याने ते सर्व सोसले. जीव वाचला, पण दोन्ही कानांनी ऐकू येणे जवळजवळ गेले. त्या इंजेक्शनाचा हा ज्ञात दुष्परिणाम होता, हे मला फार नंतर कळले. आणि मी काय केले? चार महिने वाट पाहिली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला. धंदा थांबवता येत नाही, हे त्या वेळचे माझे उत्तर होते. तो परत आला तेव्हा त्याला द्यायला माझ्याकडे जागा नव्हती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढे जे बदल लिहिणार आहे त्यांचे मोल तिच्यावरूनच कळते.

औषधात काय बदलले

आमच्या आजीच्या तोंडी या रोगाचे नाव 'दिक' होते. घरात कोणी ते मोठ्याने उच्चारत नसे. लग्न मोडायचे, वेगळे भांडे ठेवायचे. रोगाची भीती खरी होती, कारण तेव्हा औषधच नव्हते. आज साध्या टी.बी.वर सहा महिन्यांचा उपचार आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. चारही औषधे एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि रुग्णाच्या वजनाप्रमाणे रोज ठरलेल्या गोळ्या घ्यायच्या. पूर्वी सरकारी केंद्रात आठवड्यातून तीनदा औषध देत असत. २०१७ पासून देशभर रोजचा डोस सुरू झाला. हे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही सरकारी नोंद झाल्यावर ते मिळू शकते.

मोठी बातमी पुढची आहे. ज्या टी.बी.ला नेहमीची औषधे लागू पडत नाहीत, म्हणजे माझ्या माणसाला झालेला, त्याच्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने चार औषधांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, इंजेक्शन एकही नाही, आणि मुदत सहा महिने. जुन्या पद्धतीत हाच उपचार १८ ते २० महिने चालत असे. काही रुग्णांसाठी मधल्या काळात नऊ ते अकरा महिन्यांचा एक उपचार होता. नवा उपचार सर्वांना चालत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायांना तो देत नाहीत, आणि सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख, रक्त वगैरे तपासावे लागते. पण तरुण कारागिराच्या बाबतीत बहुधा दीड वर्षाचे काम सहा महिन्यांवर आले. दोन वर्षे कोणी कोणाची जागा राखू शकत नाही, हे मी मानतो. सहा महिने राखता येते.

तपासणीही बदलली. पूर्वी काचेच्या पट्टीवर थुंकी पसरून दुर्बिणीखाली पाहत. जंतू कमी असले की सुटून जात. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट नावाची यंत्रे आहेत. ती जंतूची जात ओळखतात आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल की नाही, हेही त्याच दिवशी सांगतात. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचे आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. माझ्या माणसाच्या वेळी पहिल्याच दिवशी असे यंत्र त्याच्या वाट्याला आले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

रुग्णाला आहारासाठी मिळणारी रक्कमही वाढली. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. सहा महिन्यांचे ६००० रुपये दोन हप्त्यांत, निम्मे निदान होताच आणि निम्मे ८४ दिवस झाल्यावर, थेट बँक खात्यात जमा व्हावेत असा नियम आहे. अडचण खात्याचीच येते. आपल्याकडे मागावर काम करणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले पुष्कळ आहेत. कोणाचे खाते गावी, कोणाचे आधार जोडलेले नाही, कोणाचा फोन नंबर बदललेला. इथे मालकाच्या मुनिमाने अर्धा दिवस दिला तर एका घराचे दूध-अंडे सुटते. हे काम डॉक्टरचे नाही.

कर्मचाऱ्यांची बातमी

सरकारी मराठी पत्रके वाचताना आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांची दमछाक होते. 'जिल्हा शल्यचिकित्सक' म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलचे प्रमुख आणि 'जिल्हा आरोग्य अधिकारी' म्हणजे जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांचे प्रमुख, हे दोघे वेगळे आहेत, हे समजायलाच मला काही वर्षे लागली. शहरात आणखी तिसरा कारभार महापालिकेचा. नाशिकला कथडा येथील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडचे बिटको, पंचवटीचे इंदिरा गांधी ही महापालिकेची. त्र्यंबक रोडचे सिव्हिल आणि शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय राज्य सरकारचे. मालेगावात सामान्य रुग्णालय राज्याचे, तर वाडिया आणि अली अकबर महापालिकेचे. कोणता दरवाजा कोणाचा, हे कळले नाही की माणूस चिठ्ठी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो, आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली की घरी बसतो.

टी.बी.च्या बाबतीत मात्र सर्व दारे एकाच साखळीला जोडलेली आहेत. जिल्ह्याला जिल्हा क्षयरोग अधिकारी, महापालिकेला शहर क्षयरोग अधिकारी. त्यांच्या हाताखाली उपचार पर्यवेक्षक, प्रयोगशाळा पर्यवेक्षक, टेक्निशियन आणि शहरात टी.बी. हेल्थ व्हिजिटर. शेवटच्या टोकाला आशा ताई. रुग्णाच्या घरी कोण जाते, त्याने आज गोळी घेतली का हे कोण विचारते, तो गावी पळाला तर तिकडच्या केंद्राला कोण कळवते? डॉक्टर नव्हे, हीच मंडळी. रुग्णाला एक नोंद क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर उपचार देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात पुढे चालू राहतो. मऊ किंवा आजमगडला निघालेल्या कारागिराला आपण पगाराबरोबर एवढेच विचारायचे, की केंद्रात सांगून निघालास ना?

आता या मंडळींची स्थिती पाहा. यांतले बहुतेक राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर आहेत. अकरा महिन्यांचा करार, पुन्हा नवा करार, असे करत काहींची नोकरीची उमेद सरली. कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यातले कंत्राटी कर्मचारी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये सरकारने दहा वर्षे सेवा झालेल्यांना काही प्रमाणात सामावून घेण्याचा निर्णय काढला. अंमल होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. आशा ताईंनीही २०२४ च्या सुरुवातीला दीर्घ संप केला आणि मार्चमध्ये त्यांच्या मानधनात महिन्याला ५००० रुपयांची वाढ मंजूर झाली. संपाच्या दिवसांत थुंकीचे डबे पडून राहतात, गोळी विचारायला कोणी येत नाही. मजुरीसाठी भांडणाऱ्याला दोष देणे आपल्याला शोभत नाही. बाकी कोणी नाही तरी आपण तरी समजून घेतले पाहिजे, कारण मीटरवर मजुरी घेणारा कारागीर आणि कामावर मोबदला घेणारी आशा ताई यांच्या हिशोबाची वही एकाच जातीची आहे.

औषधांचीही एकदा टंचाई झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये पुरवठा इतका अडखळला की केंद्राने राज्यांना तीन महिन्यांची औषधे स्थानिक बाजारातून घेण्यास सांगितले. अशा वेळी रुग्ण रिकाम्या हाताने परतला, तर त्याला दुकानातून गोळ्या आणून देण्याचे काम मालकाने करावे. खंड पडला की काय होते, ते वर सांगितलेच आहे. मात्र त्याच औषधाचे नाव आणि तेवढीच मात्रा केंद्रातून लिहून घ्यावी. आपल्या मनाने काही आणू नये.

भरवशाचा प्रश्न

आपल्या लोकांचा सरकारी दवाखान्यावर भरवसा कमी आहे, हे खरे. त्याला कारणेही आहेत. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना आला. माग थांबले, मोहल्ले बंद झाले, बरेचसे खाजगी दवाखाने कुलूपबंद झाले. दमा, मधुमेह, हृदयविकाराचे जुने रुग्ण दारोदार फिरले. त्या महिन्यात कब्रस्तानात किती मय्यती आल्या, हे शहर अजून विसरलेले नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली, दाब कमी झाला आणि २२ रुग्ण त्याच दिवशी दगावले. २०२२ च्या नोव्हेंबरात मालेगावात गोवर पसरला आणि तेव्हा दिसले की कितीतरी मुलांना नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांची लस मिळालीच नव्हती. काही घरांनी नको म्हटले होते, काही घरांत कोणी पोहोचलेच नव्हते.

पण याच वर्षांत मी दुसरी बाजूही पाहिली. कोरोनात नर्सताई, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर घरी न जाता राबले. गोवराच्या वेळी मौलवी साहेबांना आणि शाळेतल्या मास्तरांना सोबत घेऊन आशा ताई पुन्हा त्याच दारांवर गेल्या. मोहल्ल्यातले युनानी डॉक्टर, ज्यांच्याकडे कारागीर पहिल्यांदा जातो, त्यांचे मन वळले की अर्धे काम होते. टी.बी.चा रुग्ण आढळला तर प्रत्येक डॉक्टरने सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि खाजगी डॉक्टरने कळवल्यास त्याला ५०० रुपये मिळतात. काही डॉक्टर कळवत नाहीत, कारण रुग्ण हातचा जाईल अशी त्यांना भीती वाटते. तसे नाही. रुग्ण त्यांच्याकडेच राहू शकतो, फक्त त्याची नोंद होते आणि औषधाला पैसे पडत नाहीत.

मागाच्या खोलीत

आपल्या धंद्यात हा रोग जास्त का, याचे उत्तर खोलीत शिरल्यावरच कळते. वारा लागला, हवा सुकली की सूत तुटते, म्हणून खिडक्या बंद. दोन पाळ्या, बारा-बारा तास. त्याच खोलीत चार-पाच जण झोपतात, एक गेला की त्याच गोधडीवर दुसरा येतो. एकाला खोकला झाला की जंतू हवेत फिरत राहतात. त्यात कापसाचे तंतू छातीत जातात ते वेगळेच.

एक जुनी सवय सांगतो. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागते. लवकर व्हावे म्हणून कारागीर भोकाला तोंड लावून श्वास ओढतो आणि सूत बाहेर येते. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच या पद्धतीला कायद्याने बंदी केली. आपल्याकडे हुकने सूत ओढायला शिकवले तर वेळ थोडा जास्त जातो, एवढेच. मालकाने प्रत्येक मागाजवळ हुक टांगून ठेवला की झाले.

दुसरी गोष्ट छातीच्या धुळीची. प्रत्येक खोकला टी.बी. नसतो. कापसाच्या धुळीने होणारा एक वेगळा विकार आहे, त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. जिनिंग आणि सूतगिरणीत तो जास्त, विणकामात कमी. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जड होते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत जरा हलके वाटते. इंग्रजी पुस्तकांत याला सोमवारचा आजार म्हटले आहे. आपली सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून मालेगावात हा सोमवारी नव्हे, शनिवारी दिसेल. डॉक्टरला 'मला शनिवारी दम लागतो' असे सांगितले नाही, तर त्याच्या ध्यानात येणार नाही. या विकाराला टी.बी.ची औषधे उपयोगाची नाहीत आणि दुखणे धंद्यातून आले असेल तर त्याची भरपाई कायद्यात आहे.

आणि शुक्रवारचा एक फायदा. सरकारी केंद्रे रविवारी बंद असतात, शुक्रवारी चालू. इतर गावच्या मजुराला तपासणीसाठी खाडा करावा लागतो, आपल्याला नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरणे, थुंकीत रक्त, यांतले काहीही असले तर शुक्रवारी सकाळी, दुपारच्या नमाजाआधी, केंद्रात जाता येते. थुंकीचे दोन नमुने घेतात. त्यांतला एक सकाळी उठल्याबरोबरचा असतो, म्हणून डबी आदल्या दिवशी आणून ठेवावी.

औषध सुरू झाल्यावर काही गोष्टींनी माणूस घाबरतो आणि गोळ्या फेकून देतो. लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे, रिफाम्पिसिनचा रंग आहे. पहिले काही दिवस मळमळ होते. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी केंद्रात जायचे. आपणहून बंद करून घरी बसायचे नाही. रमजानात अनेक जण औषध सोडतात, हे हेल्थ व्हिजिटर मंडळींचे दरवर्षीचे दुखणे आहे. गोळ्या दिवसातून एकदाच असतात. सहरी किंवा इफ्तारला घेता येतील का, हे डॉक्टरला विचारावे. आणि अशक्त रुग्णाला रोजा पुढे करण्याची सवलत आहेच, ती आपल्या इमाम साहेबांकडून ऐकली तर त्याला पटते.

बरोबरच्या कारागिरांना भीती वाटते, की हा कामावर आला तर आम्हाला होईल. साध्या टी.बी.त औषध नियमित चालू असेल तर दोनेक आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका पुष्कळ घटतो. खरा धोका औषध न घेणाऱ्यापासून आहे, जो नोकरी जाईल म्हणून खोकला लपवून मागावर उभा असतो. त्याला लपवायला आपणच भाग पाडतो. घरातल्या माणसांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून त्यांना रोग होऊ नये म्हणूनही आता औषध देतात.

पैशांचा हिशोब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत. औषधाला आणि तपासणीला खर्च नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, भरती, सगळे मोफत आहे. सिव्हिल आणि सामान्य रुग्णालय त्यात येतात. महापालिकेच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथे त्यांचे दर विचारावेत. शस्त्रक्रिया किंवा मोठे दुखणे निघाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला लागू असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. यादीतल्या रुग्णालयात शिरताना आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचे, पैसे भरल्यानंतर नव्हे. या एका चुकीपायी घरे कर्जात गेलेली पाहिली आहेत.

मग खर्च राहिला कोणता? बुडालेली मजुरी. कारागीर औषध सोडतो तो अज्ञानाने कमी आणि चुलीसाठी जास्त. ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराला टी.बी.सारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या काही अटी पूर्ण असतील तर, मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मालकाचा हिस्सा मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेल्याला ही योजना लागू होते. आपल्याकडे एका छताखालचे माग भावाभावांच्या, बायकामुलांच्या नावावर तोडून ठेवण्याची रीत आहे. आकडा दहाच्या आत राहतो आणि कटकट वाचते. मी यावर प्रवचन देणार नाही, कारण मीही हिशोबाच्या वह्या तशाच ठेवलेल्या माणसांशी आयुष्यभर व्यवहार केला. फक्त सांगतो, की ३.२५ टक्के वाचवलेले एक दिवस कोणाच्या तरी छातीतून वसूल होतात.

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी व्यापारी संघटना एक करू शकतात. सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र ही योजना आहे. कोणीही माणूस, दुकान किंवा संस्था एका किंवा अधिक रुग्णांना किमान सहा महिने धान्याची पिशवी देण्याची जबाबदारी घेऊ शकते. डाळ, तांदूळ किंवा ज्वारी, तेल, दूध पावडर किंवा शेंगदाणे. नाव क्षयरोग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नोंदवायचे. रुग्णाची संमती असेल तरच त्याचे नाव कळते, आणि ते बरेच आहे. सदका-खैरात आपण करतोच. इथे ती नेमकी कुठे गेली, ते दिसते. फोनवर माहिती हवी असेल तर १८००११६६६६ हा टी.बी.चा मोफत नंबर आहे.

माझ्या गोदामात गेल्या वर्षी पुन्हा एकाला टी.बी. निघाला, साधाच. पहिले तीन आठवडे तो घरी होता. मग हलके काम दिले, ताग्यांवर शिक्के मारण्याचे. मजुरी थोडी कमी, पण चालू. सकाळी दुकान उघडले की तो माझ्यासमोर गोळ्या घेत असे आणि मी रोजमेळात त्याच्या नावापुढे टिकली मारत असे. शेजारचे व्यापारी हसायचे, की शेठ, ही कोणती उधारी? १७० च्या वर टिकल्या झाल्या. मग केंद्रातल्या ताईंनी शेवटची थुंकी तपासून कार्ड बंद केले. घडीच्या टेबलावरची त्याची जागा तोपर्यंत रिकामीच होती. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत ती रिकामी जागा मला फार खुपली, हेही खरे सांगतो.